ट्रॅक बंद, टाळी सुरू

दिवाळीची सुट्टी संपली की शाळेच्या हॉलमधून एकच आवाज यायला लागतो. स्पीकरवर गाणं, त्याचा तोच तुकडा पाच-पाच वेळा, त्यावर बाईंचं ‘फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट’ आणि तीस मुलांचे पाय. डिसेंबरअखेर स्नेहसंमेलन होतं, टाळ्या पडतात, व्हिडिओ पालकांच्या ग्रुपवर जातो. जानेवारीत त्याच तीस मुलांना ट्रॅक न लावता त्रितालाची (सोळा मात्रांच्या तालाची) दोन आवर्तनं, म्हणजे पूर्ण फेरे, टाळीवर धरायला सांगा. पहिल्या आवर्तनाच्या मध्यावरच निम्मा वर्ग पुढे पळालेला असतो.

ट्रॅकवर बसवलेल्या नाचात मुलं लय सांभाळत नाहीत, लय त्यांना सांभाळते. तो खांब काढला की सगळं खाली. गाणं, नाच आणि नाटक या तिन्ही गोष्टी शाळेत शिकवायच्या असतील तर सुरुवात ट्रॅकने करू नये, टाळीने करावी. जून ते ऑक्टोबर हे महिने त्यासाठीच असतात. आठवड्याला एक तासिका, पस्तीस-चाळीस मिनिटं, वर्गात पन्नास मुलं, एक पेटी आणि असलाच तर एक तबला. एवढ्यात बरंच होतं.

टाळी

त्रितालापासून सुरुवात करा. सोळा मात्रा, चार-चारचे चार भाग. पहिल्या मात्रेला सम, म्हणजे आवर्तनाची सुरुवात, तिथे टाळी; पाचव्या आणि तेराव्या मात्रेलाही टाळी, नवव्या मात्रेला खाली. खालीला हात उघडा बाजूला न्यायचा, वाजवायचा नाही. मधल्या मात्रा बोटांवर मोजायच्या. बोल तोंडाने म्हणायचे: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा.

खाली ही हाताने शिकवायची गोष्ट नाही, कानाने शिकवायची आहे. तबलजी असेल तर मुलांना डोळे मिटायला सांगा आणि डग्ग्याचा (डाव्या हाताने वाजवायच्या मोठ्या भांड्याचा) घुमारा कुठे थांबतो ते विचारा. तिं तिं ता, ता या चार मात्रांत डग्गा गप्प असतो, चौदाव्या मात्रेच्या धिंला परत येतो. हे एकदा ऐकू आलं की मूल आवर्तनात कुठेही हरवलं तरी जागा शोधून काढतं. ज्याला फक्त आकडे पाठ आहेत ते सापडत नाही.

नंतर दुगुन, म्हणजे टाळी तीच ठेवून एका मात्रेत दोन बोल. इथे हमखास गडबड होते: बोल दुप्पट झाले की टाळीही दुप्पट होते. वेग वाढवणं आणि दुगुन करणं यातला फरक मुलांना तोंडी सांगून कळत नाही. वर्गाचे दोन भाग करा. एक भाग फक्त टाळी देईल आणि काहीही झालं तरी ती बदलणार नाही. दुसरा एका मात्रेत दोन बोल म्हणेल. सोळा मात्रांचं दुगुन आठ मात्रांत संपतं, म्हणजे टाळीवाल्यांची खाली येते तेव्हा बोलवाल्यांची सम. दोघांना एकमेकांकडे बघू द्या. सम आणि खाली एकाच क्षणी आली की जी खसखस पिकते, तीच परीक्षा पास झाल्याची खूण.

मग केरवा आठ मात्रांचा (धा गे ना ती, न क धी न) आणि दादरा सहाचा (धा धी ना, धा ती ना). शाळेत गायली जाणारी बहुतेक गाणी या दोन तालांतच असतात. पाचवी-सहावीला एवढं पुरे. सातवीत सात मात्रांचा रूपक द्यावा, कारण त्याची सम खालीलाच येते आणि ‘पहिली मात्रा म्हणजे जोरात टाळी’ हा समज तिथे मोडतो.

पट्टी

शाळेतलं समूहगीत बेसूर होण्याची कारणं शोधायला गेलात तर पहिल्या क्रमांकावर मुलं नसतात, पट्टी असते, म्हणजे गाण्याचा सा कुठल्या सुरावर धरला ते. शिक्षिका स्वतःच्या सोयीच्या काळी चार किंवा काळी पाचला (पेटीवरच्या सप्तकातल्या चौथ्या-पाचव्या काळ्या पट्टीला) सूर लावतात, गाणं खाली उतरलं की मुलांचा आवाज घोगरा होऊन विरतो. शिक्षक काळी एकला गातात. तो त्यांच्या आवाजाचा सूर असतो, मुलांनी तो एक सप्तक वर घ्यायचा असतो. बहुतेक घेतात, काही मुलं सरांची नक्कल करत खालीच गुरगुरतात.

आठ ते अकरा वर्षांच्या मुलांचा आवाज साधारण कुठे मोकळा असतो ते पेटीवर पाहू. खर्जाचे (जाड आवाजाचे) सूर बंद करा, फक्त नर (त्याहून वरच्या आवाजाचे) ठेवा. बहुतेक पेट्यांवर डावीकडून दुसरी जी पांढरी एक येते, तिच्या एक-दोन पट्ट्या खालपासून ते पुढच्या सप्तकातल्या पांढरी दोनपर्यंत. याच्या बाहेर गेलं की खाली आवाज हरवतो आणि वर किंचाळी येते. आता गाणं हातात घ्या आणि त्यातला सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा स्वर शोधा. हे दोन्ही आत्ता सांगितलेल्या टप्प्यात बसतील असा सा निवडा. मुखड्यावरून पट्टी ठरवायची नाही. मुखडा नेहमी सोपा असतो, अंतऱ्यात तार (वरचं) सप्तक येतं आणि तिथेच वर्ग कोसळतो.

राष्ट्रगीत हे त्याचं रोजचं उदाहरण. त्याचा विस्तार मंद्र निषादापासून तार षड्जापर्यंत (खालच्या सप्तकातल्या नी-पासून वरच्या सा-पर्यंत), म्हणजे एका सप्तकाहून किंचित जास्त. पांढरी एक किंवा काळी एकला धरलं तर प्राथमिकच्या मुलांना ते वर-खाली दोन्हीकडे नीट पोचतं. पेटीशिवाय कुणीतरी अंदाजाने सुरुवात करतं तेव्हा ते बहुधा खाली लागतं आणि मुलं आवाजाच्या जागी जोर लावतात. राष्ट्रगीताचा ठरलेला कालावधी सुमारे ५२ सेकंद. घड्याळ लावून बघा, रेंगाळत म्हणणाऱ्या शाळा मिनिटाच्या पुढे जातात. फेब्रुवारी २०२३ पासून महाराष्ट्राला अधिकृत राज्यगीतही आहे आणि ते परिपाठात म्हटलं जातं. दोन्ही गीतांची पट्टी वेगळी ठरवा. एकाच सुरात दोन्ही उरकायची सवय वाईट.

पेटीवर खर्ज-नर एकत्र उघडे ठेवू नका, हे पुन्हा सांगायला हवं. भरदार वाटतं म्हणून ठेवतात. पण मुलांच्या कानाला मग एकाच वेळी दोन सप्तकं ऐकू येतात आणि ज्याला जे सापडेल ते तो पकडतो.

‘बेसूर’ म्हणून मागच्या रांगेत उभं केलेलं मूल बहुतेक वेळा बेसूर नसतं. त्याला फक्त बोलण्याचा आवाज माहीत असतो, गाण्याचा सापडलेला नसतो. त्याला पेटीचा सूर देऊन ‘हा लाव’ म्हणू नका. उलट करा. त्याला हवा तो एक सूर ‘आ’ म्हणून लांब धरायला सांगा आणि पेटीवर तो तुम्ही शोधा. दोन्ही आवाज जुळले की ते त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. मग एक पट्टी वर जा, त्याला सोबत न्या. पुन्हा एक. आठवडाभर रोज दोन मिनिटं केलं तरी चार-पाच पट्ट्यांची वाढ होते. भाजीवाल्याची हाक, ‘ए आई’ अशी अंगणातून मारलेली हाक, हेही उपयोगी पडतं, कारण हाकेत आवाज आपोआप वर जातो.

अलंकारांत, म्हणजे सुरांच्या सरावाच्या रचनांत, सारेग, रेगम, गमप हा सगळ्यांनाच येतो. चढताना ठीक, उतरताना सूर घसरतो. सां-पासून निघून सा-ला पोचेपर्यंत वर्ग अर्धा सूर खाली आलेला असतो आणि कुणाला पत्ता नसतो, कारण पेटी सतत वाजत असते. पेटी फक्त सुरुवातीला आणि शेवटी वाजवा, मध्ये भात्यावरचा हात काढा. शेवटचा सा वाजवल्यावर वर्गाला स्वतःच हसू येतं. पहिला राग भूप का, याचंही कारण इथेच आहे: सा रे ग प ध या पाच स्वरांत अर्ध्या अंतराची जोडीच नाही. ग-म आणि नी-सां या दोन अवघड जागा टळतात.

सातवी-आठवीत मुलग्यांचा आवाज फुटायला लागतो. त्यांना गाण्यातून काढून टाळ-झांजा देण्याची पद्धत आहे. तसं करू नये. दोन-तीन वर्षांचा प्रश्न असतो, त्या काळात त्यांच्यासाठी पाच-सहा स्वरांच्या आतली ओळ निवडावी, एक सप्तक खाली, हलक्या आवाजात. जोर लावू देऊ नये, एवढंच पथ्य.

उच्चारांबद्दल थोडं. सूर लांबवायचा तो स्वरावर, व्यंजनावर नाही. ‘आनंद’ मधला नं लांबवला की तोंड मिटतं आणि पन्नास मुलांचा आवाज नाकात जातो. आ लांबवा, अनुस्वार शेवटच्या क्षणी. च, ज, झ यांचे दोन उच्चार मराठीत अर्थच बदलतात. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जगणं, यांतला ज एक नाही. हिंदी गाणी गाऊन आलेली मुलं सगळे ज एकाच ठशाचे काढतात. गाणं शिकवण्याआधी शब्द नुसते वाचून घ्या.

तबला पावसाळ्यात उतरतो, कारण चामडं ओल धरतं. गजऱ्यावर (चामड्याच्या कडेच्या वेणीवर) वरून हलके ठोके दिले की चढतो, खालून दिले की उतरतो. फरक मोठा असेल तर गठ्ठे (बाजूचे लाकडी ठोकळे) सरकवायचे. एकाच बाजूला ठोकत राहिलात तर पुडीच्या (वरच्या चामड्याच्या) दोन कडा दोन सुरांत बोलतात, म्हणून समोरासमोरच्या घरांत आळीपाळीने ठोका. उन्हात तापवायला ठेवू नका.

पाय

टाळी पक्की झाली की तीच पायात उतरवायची. कथकचा तत्कार (पायांच्या ठोक्यांचा मूळ सराव) शाळेच्या कामाला फार चांगला: ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. पाय असे: उजवा, डावा, उजवा, डावा, मग डावा, उजवा, डावा, उजवा. मेख कुठे आहे ते दिसलं? चौथ्यानंतर पाचवा पुन्हा डावाच, आणि आठव्यानंतर परत पहिला उजवाच. मुलं चालल्यासारखी उजवा-डावा करत सुटतात आणि आठ मात्रांनंतर सगळं बरोबर वाटत असतं, कारण मोजणी जुळते, पाय मात्र चुकलेला असतो. त्यासाठी पहिले दोन आठवडे घुंगरू देऊ नका. घुंगरांच्या छनछनाटात कुठला पाय पडला ते ऐकू येत नाही. एका पायाखाली वर्तमानपत्राचा कागद ठेवायला सांगा. कागदाचा आवाज कुठल्या मात्रेला येतो ते मूलच सांगेल. फरशीवर किंवा सिमेंटवर आपटून तत्कार करू देऊ नये, गुडघे आणि टाचा दुखतात. सतरंजी तरी हवी.

लेझीम बहुतेक शाळांत आहे, तिच्याबद्दल एकच. वाकण्याच्या हालचालीला मुलं मागे पडतात आणि उठताना भरून काढायला धावतात. हलगी किंवा ढोल वाजवणाऱ्याने मुलांच्या मागे जायचं नाही. वेग इतका कमी ठेवा की सर्वांत सावकाश मूल वाकून वेळेवर उठेल. मैदानात तो रटाळ वाटला तरी चालेल.

पण लोकनृत्यातला एकच प्रकार शाळेने घ्यायचा असेल तर तो गोफ, म्हणजे वर बांधलेल्या पट्ट्यांची नाचत वीण घालायचा खेळ. गोव्यात शिगम्यात गोफ खेळतात, महाराष्ट्रातही टिपरीबरोबर तो जुना आहे. त्यात ताल आहे, गणित आहे आणि चूक लपत नाही. ट्रॅकवरच्या नाचात चुकलेलं मूल शेजाऱ्याकडे बघून सावरतं. गोफात चूक वर गाठ होऊन लटकते.

आठ मुलं घ्या. बारा फुटांवर एक कडी, तिला आठ ओढण्या किंवा सुती पट्टे. कडी फिरता कामा नये, दोन बाजूंनी बांधून घ्या; ती फिरली तर वीण न पडता नुसता पीळ पडतो. वर्तुळ मध्यापासून सहा फुटांचं धरलं तर मुलाच्या हातापासून कडीपर्यंत तिरकं अंतर दहा-साडेदहा फूट भरतं. विणीत पट्टा खर्च होत जातो, म्हणून प्रत्येक पट्टा पंधरा फुटांचा ठेवा आणि उरलेला हाताला गुंडाळा. बारा फुटी पट्टा दुसऱ्या-तिसऱ्या फेरीनंतर कमी पडायला लागतो, मुलं आत ओढली जातात आणि डोकी आपटतात.

मुलांना एक-दोन, एक-दोन असं मोजून दोन गट करा. एक गट लाल पट्ट्यांचा, दुसरा पिवळा. लाल उजवीकडे तोंड करतील, पिवळे डावीकडे. पहिल्या भेटीला लाल आतून जातो, पिवळा बाहेरून. दुसऱ्या भेटीला लाल बाहेरून, पिवळा आतून. आत जाणारा मान खाली घालतो, बाहेरचा आपला पट्टा त्याच्या डोक्यावरून नेतो. आत, बाहेर, आत, बाहेर. एका भेटीला चार मात्रा द्या, म्हणजे केरव्याच्या एका आवर्तनात दोन भेटी. आठ जणांत पूर्ण फेरीला आठ भेटी होतात, म्हणजे चार आवर्तनांत प्रत्येक जण आपल्या जागेवर परत. चार फेऱ्या विणायच्या झाल्या तर सोळा आवर्तनं.

गोंधळ होतो तो उलगडताना. सगळे वळून उलटे निघतात आणि सवयीने पुन्हा पहिल्यासारखं सुरू करतात: लाल आतून. पण उलगडताना शेवटची भेट पहिली येते. आठव्या भेटीला लाल बाहेरून गेला होता, म्हणून परतताना तो बाहेरूनच निघाला पाहिजे. थांबण्याआधीची शेवटची हालचाल कुठली होती हे प्रत्येकाने मोठ्याने म्हणायचं, मग वळायचं. सुरुवातीला पट्ट्यांशिवाय जमिनीवर खडूचं वर्तुळ काढून फक्त चालण्याचा सराव करा, तोंडाने आत-बाहेर म्हणत. तीन तासिका त्यात जातात. पट्टे चौथ्या तासिकेला. पहिल्याच दिवशी पट्टे दिलेत तर ते सोडवण्यात आठवडा जाईल.

विषम संख्या चालत नाही, हे मुलांना आधी सांगू नका. सात जणांना उभं करा आणि त्यांनाच शोधू द्या.

बोलणं

नाटकाचा संगीताशी संबंध म्हणजे पार्श्वसंगीत, असं बऱ्याच शाळांत समजतात. खरा संबंध वाक्याच्या लयीत आहे. मराठी वाक्याचं क्रियापद शेवटी येतं, नकारही शेवटी येतो. ‘मी तुझ्या पेटीला हात लावला नाही’ हे वाक्य मूल जोरात सुरू करतं, श्वास संपतो, आवाज उतरतो आणि ‘नाही’ गिळला जातो. पाचव्या रांगेत ऐकू येतं ते ‘हात लावला’. अर्थ उलटा. इंग्रजी माध्यमाच्या मुलांत हे जास्त दिसतं, कारण त्यांना नकार वाक्यात लवकर उरकायची सवय असते.

सराव असा: दोन मुलं, दहा मीटर अंतर. पहिल्याने वाक्य म्हणायचं, दुसऱ्याने फक्त शेवटचा शब्द परत द्यायचा. देता आला नाही तर पहिल्याने पुन्हा म्हणायचं, ओरडून नव्हे, श्वास राखून. श्वास कुठे घ्यायचा ते संहितेत पेन्सिलने उभी रेघ मारून ठेवा, अर्थ तुटणार नाही अशा जागी. गाण्यातही हेच करतो.

‘असं म्हण’ म्हणून वाक्य करून दाखवलं की काम लवकर होतं आणि नाटक मरतं. बारा मुलं एकाच बाईंच्या चालीत बोलायला लागतात. त्याऐवजी विचारा: तू हे कुणाला सांगतोयस? त्याच्याकडून तुला काय हवंय? उत्तर आलं की चाल आपोआप बदलते.

वेळेचा अंदाज: बसून वाचायला आठ मिनिटं लागत असतील तर उभ्या प्रयोगाला बारा धरा. दोन वाचनं, मग संहिता हातात घेऊन हालचाली, पाठांतर त्यानंतर. आधी पाठांतर केलेली मुलं शब्द एका जागी उभं राहून पाठ करतात आणि मग हलायला सांगितलं की शब्द पडतात. हालचालींत सर्वांत वाईट खोड म्हणजे प्रेक्षकांकडे तोंड करून एका ओळीत उभं राहणं आणि वाक्य असेल त्याने एक पाऊल पुढे येणं. तिघांना त्रिकोणात उभं करा, एकाला स्टुलावर बसवा. पाठ दिसली तर दिसू दे, बोलताना नको एवढंच.

रंगीत तालमीला बाकीच्या वर्गाला बोलावून मुद्दाम हसायला लावा. मुलं प्रेक्षकांच्या हशावर बोलत सुटतात आणि पुढची दोन वाक्यं वाया जातात. हशा उतरायला लागला की बोलायचं, पूर्ण थांबल्यावर नाही. ही जागा ओळखणंही लयच आहे आणि ती सवयीनेच येते.

आता गुणांचं, कारण पालक तेच विचारतात. दहावीला शास्त्रीय कला आणि लोककलेसाठी वाढीव गुण मिळतात, प्रस्ताव शाळेमार्फतच दहावीच्या मंडळाकडे जातो. गायन, वादन, नृत्य यांच्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून सुरू होतात, मग प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, असं चढत जातं. नववीत जागं होऊन हे जमत नाही. पाचवी-सहावीत सुरुवात हवी. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात दृश्यकलेबरोबर संगीत, नृत्य आणि नाट्य यांना स्वतःची जागा आहे, एनसीईआरटीचं सहावीचं कलेचं पुस्तकही त्याप्रमाणे आलं. तासिका वेळापत्रकावर असते. डिसेंबरच्या आधी ती गणिताला दिली जाते, एवढाच प्रश्न आहे.

आणि स्नेहसंमेलनाला ट्रॅक लावायचाच असेल तर लावा. पण शेवटच्या तीन तालमींतच. त्याआधी सगळं टाळीवर आणि तोंडी बोलांवर बसवा, आणि तालमीत एकदा तरी मध्येच, न सांगता, आवाज बंद करा. मुलं आठ मात्रा पुढे नाचत राहिली तर नाच बसला. थांबून स्पीकरकडे बघू लागली तर अजून दोन तासिका टाळीला द्या.